काटा परवडला, ऊन नाही

आमच्याकडे रस्त्यावरचा काटा वर्षभर सारखा नसतो. दिवाळीनंतर हरभरा जमिनीच्या वर आला की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या धाकानं शेतकरी धुऱ्यावर काट्या रचायला लागतात. बाभळीच्या, बोरीच्या, हिवराच्या फांद्या तोडायच्या, बंडीत नाहीतर ट्रॉलीत भरायच्या आणि पांदणीनं वावरात न्यायच्या. पांदण जिथं डांबरी रस्ता ओलांडते तिथं ट्रॉली गचका खाते आणि दोन-चार फांद्या हमखास सांडतात. दिवसभर त्यांच्यावरून फटफट्या जातात, फांद्यांचा भुगा होतो, काटे मात्र शाबूत राहतात. पुढं मार्च-एप्रिलमध्ये वावरं रिकामी झाली की तीच कुंपणं उपसली जातात आणि तेच काटे पुन्हा रस्त्यावर येतात. कडेच्या गवतात पावसाळा सरताना पिकणारे सराटे वेगळेच.

मी यवतमाळ जिल्ह्यात कळंबच्या बाजूच्या गावात शिक्षक आहे. सकाळी शाळेआधी रोडबाइक, म्हणजे पातळ टायरची सायकल, काढतो, आणि आता ती ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरांवर चालते. कधी राळेगावच्या रस्त्यानं, कधी देवळीकडे वर्धा नदीच्या पुलापर्यंत, सुटीच्या दिवशी यवतमाळ. ट्यूबवाले टायर होते तेव्हा काट्यांच्या हंगामात दोन ट्यूब, पॅचची डबी आणि छोटा पंप घेतल्याशिवाय मी फाटकाबाहेर पडत नसे, आणि एवढं असूनही साडेदहाच्या परिपाठाला धापा टाकत पोचण्याची वेळ यायची. रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलणं हे काही अवघड काम नाही. पण ते एकाच सकाळी दुसऱ्यांदा करावं लागलं की माणूस सायकल विकायचा विचार करतो.

नागपूरचा एक ओळखीचा ब्रेव्हेवाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलनं गाठणारा, बरेच दिवस मागे लागला होता, ट्यूबलेस कर म्हणून. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, त्यातला एक मिनिटही तो पंक्चरवर घालवत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यातली फुशारकी वजा केली तरी मुद्दा शिल्लक राहत होता. शेवटी माझे जुने टायर घासून गुळगुळीत झाले तेव्हा मी ट्यूबलेसचे मागवले, ७०० बाय ३२ चे, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंदीचे. रिम आधीपासून ट्यूबलेसला चालणारे होते. हे आधी बघून घ्यावं लागतं. साध्या रिमवर ट्यूबलेस टायर चढतो, पण कड नीट धरून बसेलच याची खात्री नसते.

गावात ट्यूबलेस म्हटलं की लोकांना मोटरसायकल आठवते, आणि ते बरोबरही आहे. दोन्हीकडे टायरची कड रिमला घट्ट बसून हवा धरते. फरक असा की मोटरसायकलचा टायर जाड असतो आणि त्यात साधारण ३०-४० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असते. रोडबाइकचा टायर पातळ आणि त्यात त्याच्या दीडपट-दुप्पट दाब. म्हणून इथं नुसत्या कडेवर भागत नाही, आत सीलंट लागतं. नैसर्गिक रबराचा चीक, पाणी, तो चीक बाटलीत गोठू नये म्हणून थोडा अमोनिया, आणि भोकात अडकून बसायला बारीक कण किंवा तंतू, अशी ती पांढरी पातळ भानगड. भोक पडलं की हवेबरोबर सीलंट बाहेर धावतं, भोकाच्या तोंडाशी चीक गोठतो आणि बूच बसतं. डोंगरी सायकलींत ही ट्यूबलेस पद्धत माविकनं १९९९ मध्ये आणली, रोडबाइकला शिमानो आणि हचिन्सन यांनी २००६ मध्ये. आमच्या तालुक्याला ती पोचायला अजून बरीच वर्षं लागली, पण डनलॉपचा हवेचा टायर १८८८ पासून जगात आहे आणि आमच्या पांदणीवर माझ्या लहानपणी बंडीला लोखंडी धावच होती, तेव्हा तक्रार नाही.

बसवण्याचं काम घरीच केलं. जुनी ट्यूब आणि रिमची रबरी पट्टी काढून रिम स्पिरिटनं स्वच्छ पुसलं. बोटाचा तेलकटपणाही राहता कामा नये. मग ट्यूबलेसची चिकटपट्टी, जिनं आतली स्पोकची भोकं हवाबंद होतात. माझ्या रिमची आतली रुंदी २१ मिलिमीटर, म्हणून पट्टी २५ ची घेतली. दोन्ही बाजूंना थोडी वर चढली पाहिजे. ती ताणून, जोर लावून, एकही बुडबुडा न ठेवता फिरवायची आणि शेवटी वीतभर पट्टीवर पट्टी आणायची. वायरिंगची काळी टेप इथं चालत नाही. दाबानं ती प्रत्येक भोकात खचते आणि एक दिवस फाटते. व्हॉल्व्हचं भोक पाडायला ब्लेड घेऊ नका, पट्टीला चीर जाते आणि ती पुढं वाढत राहते. मी खिळा गॅसवर तापवला आणि टोचला. कडा वितळून गोल भोक पडलं. व्हॉल्व्हची चकती फक्त बोटांनी आवळायची. पकडीनं आवळलेली चकती रस्त्यात हातानं सुटत नाही, आणि ती सुटली नाही तर ट्यूब टाकता येत नाही.

टायर चढवताना विदर्भाच्या उन्हाचा एकदाच काय तो फायदा झाला. नवा टायर घडी घालून आलेला, कडक. अंगणात तासभर उन्हात टाकला तर इतका मऊ आला की टायर लिव्हर न वापरता अंगठ्यांनी चढला. युक्ती एवढीच, की चढवताना दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत राहायच्या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा.

इथवर ठीक. खरी पंचाईत कड बसवण्याची. ट्यूब नसल्यामुळे सुरुवातीला हवा सगळीकडून निसटते. ती निसटण्यापेक्षा वेगानं आत घुसली तरच कड फुगून रिमला चिकटते. माझ्या पायपंपानं मी घामाघूम झालो आणि टायर जिथल्या तिथं. शहरात हवेची टाकी असलेले खास पंप मिळतात. माझ्याकडे स्टँडवरचे भाऊ होते. टिनाचं शेड, बाहेर लटकवलेला ट्रकचा टायर, आत कॉम्प्रेसर. मी चाक घेऊन गेलो तेव्हा भाऊंनी ते हातात घेऊन आधी बराच वेळ फिरवून पाहिलं.

"यात ट्यूब नाई?"

"नाही भाऊ. मोटरसायकलचं असते तसंच."

"मोटरसायकलचा टायर कसा जाड राह्यते, सर. हा त लयच पातळ हाय जी. किती मारू?"

"एकदम सोडा, पण सत्तरच्या वर जाऊ देऊ नका."

सायकलचा हा व्हॉल्व्ह बारीक, लांब, टोकाला छोटी गुंडी असलेला असतो, तो मोटरसायकलच्या नळीला बसत नाही. त्यासाठी एक पितळी टोपी मिळते, ती मी किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवली आहे. पण कड बसवताना मोठी युक्ती दुसरीच आहे: व्हॉल्व्हच्या आतला गाभा छोट्या पान्यानं काढून टाकायचा, म्हणजे हवेला मोकळी वाट मिळते. गाभा काढल्यावर टोपी मात्र नीट बसत नाही. भाऊंनी फुंकणीचं टोक सरळ नळीवर दाबून धरलं, भोवती बोटांचं कडं केलं. मी टायरच्या दोन्ही कडांना साबणाचं पाणी फासलं होतं. त्यांनी दट्ट्या दाबला. फुस्स झालं, टायर फुगला, आणि मग टक्... टक्-टक्... टक् असे आवाज आले. भाऊ एक पाऊल मागं सरले, पण बोटं काढली नाहीत.

"फुटते काय?"

"नाही, बसून राह्यला."

टायरच्या बाजूला कडेलगत एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की कड बसली. एके जागी ती आत गेलेली होती. तिथं पुन्हा साबण लावून पुन्हा हवा मारली, बसली. मग हवा सोडली. कड एकदा बसली की हवा काढली तरी लगेच सुटत नाही. मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजनं व्हॉल्व्हमधून सीलंट सोडलं, ४५ मिलिलिटर एका चाकाला. बाटली आधी खूप हलवायची, नाहीतर कण तळाशी राहतात आणि आपण नुसतं पाणी ओततो. गाभा परत बसवला, हवा भरली, चाक फिरवलं, मग बादलीवर आडवं ठेवून एक बाजू, उलटून दुसरी बाजू. कडेतून बारीक बुडबुडे येत होते ते हळूहळू थांबले. अमोनियाचा वास घरभर झाला आणि पुढची सगळी कामं गोठ्याच्या बाजूला करायची असा हुकूम सुटला, तो अजून लागू आहे.

कॉम्प्रेसरबद्दल एक सावधगिरी. स्टँडवरच्या कॉम्प्रेसरला ट्रकचे टायर भरायची सवय असते, त्याच्या दाबमापकाचा काटा १०० च्या पलीकडे सहज जातो. काही नव्या रिमना आतल्या बाजूला कड अडकवणारी आकडी नसते, हुकलेस म्हणतात त्यांना. त्यांत ७२.५ पीएसआय, म्हणजे ५ बारच्या वर हवा भरायचीच नाही. माझ्या रिमना आकडी आहे, तरी टायरवर छापलेली मर्यादा मी ओलांडू देत नाही. रोज चालवताना तर पुढं ५०, मागं ५५. ट्यूब होती तेव्हा खड्ड्यात ट्यूब चिमटून दोन भोकं पडतील या भीतीनं ८० च्या आसपास भरायचो आणि आमच्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी व्हायची. काटे सोडून दिले तरी एवढ्या एका सुखासाठी ट्यूबलेस करायला हरकत नाही.

पहिला काटा लागला तो कळालाच नाही. घरी येऊन चाक पुसताना एके ठिकाणी ओला पांढरा ठिपका दिसला, मध्ये बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक. नंतर ते सवयीचं झालं. मोठं भोक असलं की मात्र कळतं: मागच्या चाकातून चिस्-चिस् आवाज येतो, पोटऱ्यांवर आणि सीटखालच्या नळीवर पांढरे शिंतोडे उडतात. अशा वेळी थांबून भोक शोधायचं आणि चाक फिरवून भोक खाली आणायचं, म्हणजे आतलं सीलंट तिथं जमतं. काटा दिसला तर लगेच उपटायचा मोह आवरायचा. तोच बूच झालेला असतो. तो घरी अंगणात काढायचा, भोक खाली धरून, चिमट्यानं. रोडबाइकमध्ये दाब जास्त असल्यामुळे भोक बऱ्याचदा हवा थोडी कमी झाल्यावर बुजतं. ५५ ची ३५ होते आणि मग थांबते. छोट्या पंपानं पुन्हा भरायची, पण पूर्ण नाही. ४५ वर घर गाठता येतं.

एवढ्यानंही थांबलं नाही तर रबराची वात. मोटरसायकलला पंक्चरवाले लावतात तशीच, पण ती लावू देऊ नका. ती जाड असते, आणि तिच्या आधी भोक मोठं करायला जी खरखरीत सळई घालतात ती आपल्या पातळ टायरचे धागेच तोडते. भोक काट्याचं असतं, सळईनं ते खिळ्याचं होतं. सायकलची वात दीड मिलिमीटरची मिळते, सुई तिच्यासोबतच येते. सुईनं वात अर्धी आत ढकलायची, सुई झटक्यात बाहेर ओढायची, बाहेरचं टोक थोडं ठेवून कापायचं. भाऊंना मी ती दाखवली तर त्यांनी आपल्या जाड वातीचे उभे दोन भाग करून दाखवले, अन् म्हणाले, "हेबी चालन." एकदा चाललीही. पण मी माझीच जवळ ठेवतो.

काट्यांचा पहिला हंगाम असा गेला की मी शाळेतल्या सहकाऱ्यांना ट्यूबलेसचं पारायण ऐकवायला लागलो होतो. मग उन्हाळा आला.

यवतमाळ-वर्ध्याकडचा मे म्हणजे पारा ४४-४५ च्या घरात, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. सकाळी सहाला निघून आठच्या आत परतायचं, हा शिरस्ता. अशाच एका सकाळी एका क्षुल्लक सराट्यानं मागचं चाक बसलं. चिस् झालं, शिंतोडे नाहीत, पांढरा थेंबही नाही. दोन टोकांच्या त्या सराट्यासाठी दोन वाती घालाव्या लागल्या. घरी येऊन टायर एका बाजूनं उघडला तर आत ओलावा नावाला नव्हता. टायरच्या आतल्या अंगाला दुधावरच्या सायीसारखा एक पातळ पिवळट पापुद्रा, आणि तळाशी रबराचे दोन-तीन गोळे. सीलंटमधलं पाणी आणि अमोनिया टायरच्या अंगातून उडून गेलं होतं. चिकाचं काम गोठण्याचं. भोक नसलं तरी वाळल्यावर तो गोठणारच.

बाटल्यांवर दोन ते सहा महिने पुरेल असं लिहिलेलं असतं. ते कुठल्यातरी थंड देशाच्या हिशेबानं असावं, नाहीतर एसीतल्या गॅरेजच्या. आमच्याकडे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तीन महिने ते बिनघोर टिकतं. मार्चच्या मध्यापासून महिन्याच्या आत आटतं, आणि सायकल टिनाच्या शेडखाली उभी राहत असेल तर त्याहून लवकर. शिवाय उन्हाळ्यात शाळा बंद, सायकल कमी चालते. चाक फिरलं नाही की सीलंट एकाच जागी खाली साचतं आणि वरचा भाग कोरडा पडतो. म्हणजे काटे उपसून रस्त्यावर सांडायची वेळ आणि सीलंट आटायची वेळ एकच. ट्यूबलेस घेतलेल्या इकडच्या माणसाला ज्यानं फसवल्यासारखं वाटतं, ते हे.

तेव्हापासून माझं वेळापत्रक उन्हावर चालतं. सायकल टिनाखालून हलवून आतल्या मातीच्या खोलीत आणली, जिथं पूर्वी कापूस भरत. सीलंटची बाटली हिवाळ्यातच मागवतो, कारण मे महिन्यात ती कुरिअरच्या गाडीत दोन दिवस भाजून येते. घरात ती अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट. फाल्गुनात होळी झाली की पहिली तपासणी आणि मग पाऊस पडेपर्यंत दर तीन आठवड्यांनी.

तपासणी सोपी आहे. चाक कानाशी धरून हलवलं की आत खळखळ ऐकू येते. ३२ च्या टायरमध्ये तेवढ्यावर विसंबता येत नाही, पण अजिबात आवाज नसला तर शंका नको. खात्रीचा उपाय केबल टायचा. व्हॉल्व्ह खाली आणून थोडा वेळ चाक स्थिर ठेवायचं, मग सावकाश हवा सोडायची, गाभा काढायचा आणि बारीक केबल टाय नळीतून खाली सरकवायचा, टायरच्या तळाला टेकेपर्यंत. टोक ओलं आलं तर आहे, चिकट आलं तर संपत आलं, कोरडं आलं तर लगेच भरा. भरताना २०-३० मिलिलिटर पुरतं, कड उघडायची गरज नसते. सिरिंजनं व्हॉल्व्हमधून सोडायचं आणि चाक दोन मिनिटं फिरवायचं. पाणी घालून जुनं सीलंट पातळ करता येतं का, असं एकानं विचारलं होतं. गोळा झालेला चीक पाण्यानं परत पातळ होत नाही.

उन्हाचा आणखी एक हिशेब दाबाचा. पहाटे २५ अंशाला ५५ भरलेली हवा दुपारी ४५ अंशाला ६० च्या आसपास दाखवते. मर्यादेच्या अगदी टोकाला भरून सायकल उन्हात उभी करायची नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

व्हॉल्व्ह हे ट्यूबलेसचं दुर्लक्षित दुखणं. हवा भरताना पंप दगड मारल्यासारखा घट्ट लागतो, दाबमापक काहीच्या बाही आकडे दाखवतो, आणि आपल्याला वाटतं पंप बिघडला. गाभ्यात सीलंट वाळलेलं असतं. गाभा काढून टाचणीनं रबर खरवडलं की काम होतं, नाही झालं तर नवा गाभा. सुटे दोन गाभे पॅचच्या डबीत असू द्यावेत. हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून मिनिटभर थांबलं तर व्हॉल्व्हपाशी साचलेलं सीलंट खाली ओघळून जातं आणि हा ताप निम्म्यानं कमी होतो. हवा भरायला कार्बन डायऑक्साइडची नळकांडी मिळतात, पण काही सीलंट त्या वायूनं आतच गोठतं. मी ती घेत नाही.

ट्यूब आता जवळ ठेवायची गरज नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रस्ता रुंदीकरणाच्या कामाजवळ ताज्या गिट्टीनं माझ्या मागच्या टायरची बाजू कापली, करंगळीच्या नखाएवढी चीर. सीलंट भळाभळा वाहिलं. वात घातली, ती बाहेर आली. टायरची बाजू पातळ असते आणि चालताना सतत वाकते. तिथं वात ठरत नाही. पुढच्या फाट्यावर चहाची टपरी होती, तिथपर्यंत सायकल ढकलत नेली आणि बाकड्यावर पसारा मांडला. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढला, जुन्या टायरचा कापून ठेवलेला तुकडा आतून चिरेवर बसवला. ट्यूब टाकणार तेवढ्यात आठवलं, की या टायरनं अख्खा हंगाम काटे खाल्लेत. ट्यूबलेसमध्ये मोडलेली टोकं आतच राहतात, सीलंटनं झाकलेली. त्यांचा कुणाला त्रास नसतो. ट्यूब टाकली की तिला ती सगळी एकदम टोचणार.

मी आत बोट फिरवायला लागलो तसे बाकड्यावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "बोट काहून फिरवता गुरुजी, रगत निंघन. कापूस फिरवा." वेचणीचे दिवस होते. ट्रॉल्यांतून उडालेला कापूस रस्त्याच्या कडेला तरोट्याला, गवताला अडकलेला होताच. मूठभर गोळा करून बोंडाएवढा बोळा टायरच्या आतून हळूहळू ओढत नेला. जिथं काट्याचं टोक, तिथं कापसाचा तंतू अडकून उभा राहायचा. बोटाला जे अजिबात लागलं नव्हतं ते कापसानं पकडलं. बाभळीची करडी सरळ टोकं, बोरीचं एक वाकडं, सराट्याचे बारीक तुकडे. चिमट्यानं एकेक काढून बाबा ते बशीत टाकत गेले आणि टपरीवाल्यानं ती बशी परत घेतली नाही. शेवटी बोळा कुठंही न अडकता पूर्ण फिरला तेव्हा ट्यूब टाकली. त्या दिवशी शाळेत पोचलो दुसऱ्या तासाला, पण पुन्हा पंक्चर न होता.

मोठं भोक पडलेल्या टायरचा घरी आल्यावर कायमचा इलाज आतून पॅच. आधी सीलंटचा पापुद्रा त्या जागेपुरता पूर्ण सोलायचा, स्पिरिटनं पुसायचं, पॉलिश पेपरनं खरखरीत करायचं, सुलेशनचा पातळ थर लावून तो बोटाला न चिकटण्याइतका सुकू द्यायचा आणि मग पॅच दाबायचा. घाई इथं नडते. ओल्या सुलेशनवर लावलेला पॅच सीलंटमध्ये भिजून दोन दिवसांत सुटतो. भाऊ हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात, तेव्हा टायर त्यांच्याकडेच नेतो. मात्र बाजूच्या मोठ्या चिरेला पॅच लावून पुन्हा ट्यूबलेस चालवणं मला पटत नाही. धागे तुटलेला टायर ट्यूब टाकून थोडे दिवस वापरायचा, मग काढून टाकायचा.

वर्षातून एकदा मी दोन्ही टायर पूर्ण उघडतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. गावात सगळे गाड्या, ट्रॅक्टर धुऊन काढत असतात, त्यांच्यात माझंही चालतं. पाऊस सरलेला असतो, काटे अजून रस्त्यावर यायचे असतात. जुने थर सोलायचे, कापूस फिरवायचा, काटे उपटायचे, मोठ्या भोकांना पॅच, चिकटपट्टी कुठं उचलली आहे का ते पाहणं, ताजं सीलंट. आमच्या काळ्या मातीचा चिखल कड आणि रिमच्या मध्ये जराही राहिला तर हवा धरत नाही, म्हणून रिम पाण्यानं, मग स्पिरिटनं. याच कारणानं पावसाळ्यात रस्त्यावर कड उघडायची वेळ आली तर ट्यूबच टाकावी, परत ट्यूबलेस बसवायच्या भानगडीत पडू नये.

हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल की यापेक्षा ट्यूब बरी. काहींना खरंच बरी. महिन्यातून दोनदा सायकल काढणाऱ्यानं ट्यूबलेस करू नये. उभ्या चाकात सीलंट वाळेल आणि तो माझ्या नावानं बोटं मोडेल. शाळेतली पोरं ज्या साध्या काळ्या सायकलींवर येतात त्यांना तर प्रश्नच येत नाही, त्यांचा टायर जाड आणि पंक्चर काढणारा दर फाट्यावर. आठवड्यातून तीन-चार दिवस, पातळ टायरवर, काट्यांच्या मुलखात फिरणाऱ्यासाठी मात्र मी ट्यूबलेसच सांगेन. रस्त्यावरचं काम कमी होतं, अंगणातलं वाढतं. मला अंगणातलं चालतं.

भाऊंच्या दुकानात आता माझ्यासारखी एक पितळी टोपी खिळ्याला टांगलेली असते, कारण यवतमाळचे दोन-तीन सायकलवाले रविवारी या रस्त्यानं येतात. परवा त्यांनी विचारलं, स्कूटरमध्ये टाकायचं जे हिरवं घट्ट औषध दुकानात मिळतं ते स्वस्त पडतं, तेच तुमच्या टायरात का टाकत नाही. मी त्यांना सांगितलं की ते दाट असतं, आपल्या बारीक व्हॉल्व्हमधून जातच नाही आणि पातळ टायरात एका बाजूला साचून चाक हिसके मारतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तुमचं दूधच आणून ठेवा एक बाटली माह्याकडं. पण हिवाळ्यात आणा, उन्हाळ्यात माह्या टिनात उकळन ते."